सासूबाईंचा रिमोट

"पंखा... बंद कर."

रात्रीचे दोन वाजून गेले होते आणि त्या रात्रीची ती चौथी हाक होती. अकराला लाइट बंद करायला, साडेबाराला पंखा लावायला, एकला पुन्हा लाइट लावायला, आणि आता हे. मी उठले, दाराजवळचं बटण खटकन बंद केलं आणि परत फिरताना बोलून गेले, "आई, एकदाच काय ते ठरवा ना! पंखा हवा की नको? मला सकाळी पाचला पाणी भरायला उठायचंय."

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या रात्री हाक आली नाही. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. कितीतरी महिन्यांनी सलग झोप झाली होती. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास धप्पकन आवाज झाला. धावत गेले तर सासूबाई उंबऱ्याजवळ पडलेल्या, कपाळातून रक्त. कॉटपासून दाराजवळच्या बोर्डापर्यंत सात पावलं अंतर. अंधारात, भिंतीला धरून, एका पायानं ओढत त्या पंखा बंद करायला निघाल्या होत्या.

चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशा पडलात?" तर म्हणाल्या, "पाय... घसरला." माझं नाव काढलं नाही. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. मी काय बोलले होते ते आज पहिल्यांदाच लिहून काढतेय.

२०२२च्या दिवाळीत सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. आता काठी घेऊन, कुणाचा तरी आधार घेऊन चालतात. बोलणं आम्हा घरच्यांना समजतं, बाहेरच्याला चारदा विचारावं लागतं. पण डोकं अगदी तल्लख आहे. दूधवाल्यानं महिन्याच्या हिशेबात एक दिवस जास्त लावला तर आधी त्यांना कळतं, मग मला.

आमचं घर बार्शीतलं, जुनं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा प्रत्येक खोलीत एकच बोर्ड, तोही दाराशेजारी. तेव्हा कोण कशाला विचार करतंय, की उद्या ह्याच खोलीत कुणाला दारापर्यंत जाणंही डोंगर चढण्यासारखं होईल?

पडण्याच्या प्रकरणानंतर वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी कॉटजवळ वायरला लटकणारं बटण बसवून दिलं. आठ दिवस टिकलं. एक तर ते बटण इतकं कडक, की डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबताना सासूबाईंचा चेहरा वाकडा व्हायचा. हातातून सुटलं की कॉटच्या मागं जाऊन पडायचं. आणि मला वेगळीच धास्ती होती. रात्री कधी पाणी सांडतं, कधी चादर ओली होते. अशा अंथरुणात २३० व्होल्टची वायर ठेवायची? मीच ते काढायला लावलं.

"मग रिमोटचा पंखा घेऊ," हे म्हणाले. खरं आहे, हल्ली तसे पंखे सर्रास मिळतात. मोबाइलवर चालणारे दिवे मिळतात, तोंडानं हुकूम सोडला की लागणारे दिवेही मिळतात. पण ज्यांचं बोलणं शेजारणीला कळत नाही त्यांचं त्या डबीला कसं कळणार? मोबाइल तर त्यांना चालवता येत नाही. आणि रिमोटच्या पंख्याचा रिमोट मी दुकानात हातात घेऊन बघितला. हरभऱ्याएवढी बटणं, सगळी एकसारखी. रात्री चष्म्याशिवाय कशी सापडायची?

ह्याच सुमारास माळा आवरताना एक खोकं सापडलं. लेकीचं डिप्लोमाचं सामान. ती आता पुण्यात नोकरीला असते. खोक्यात वायरी, छोटे दिवे आणि पत्त्याच्या कॅटएवढी एक निळी पाटी. वर लिहिलेलं, अर्डुइनो. मी फोन केला.

"अगं, हे टाकून देऊ का?"

"आई, नको! आणि ऐक ना, तुला आजीच्या पंख्याचं करायचंय ना? ह्यानंच होईल की. मी आले की करून देते."

ती येणार दिवाळीला, आणि महिना होता फेब्रुवारी. मी म्हटलं, "तू सांग, मी करते." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "आई, तू?"

मैत्रिणींनो, त्या "तू?"नं मला जरा डिवचलंच. मी १९९७ची फिजिक्सची बी.एस्सी. आहे. प्रॅक्टिकलला डायोडचे आलेख काढलेत, सोल्डरिंगचा चटका खाल्लाय. लग्नानंतर मात्र त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला, की मिक्सरचा फ्यूज उडाला की शेजारणी मला बोलावतात. (तेही कार्बन घासून पुसण्यापलीकडे मी काही करत नाही!)

असो. तर ही पाटी म्हणजे काय ते आधी सांगते. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रिया नावाच्या गावात, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत ती जन्माला आली. इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांनाही छोटी यंत्रं चालवता यावीत म्हणून तिथल्या शिक्षकांनी ती तयार केली. नाव ठेवलं गावातल्या एका बारवरून, जिथं ही मंडळी बसायची. पाटीवर एक काळी चिप असते, तिला म्हणतात मायक्रोकंट्रोलर. हा अगदी छोटा, एकमार्गी कॉम्प्युटर. त्याला एक काम शिकवून ठेवायचं, की तो आयुष्यभर तेवढंच करत बसतो. कंटाळत नाही, रजा मागत नाही.

ह्या चिपला आम्हाला शिकवायचं होतं रिमोटचं बटण ओळखायला. आणि रिमोट विकत आणायची गरजच नव्हती. आमचा डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला, पण त्याचा रिमोट कपाटात होता, अजून प्लास्टिकच्या पिशवीत! तुमच्याही घरी असेल बघा. टीव्हीचा रिमोट घेतला असता तर इकडे पंखा लावताना तिकडे हॉलमध्ये टीव्ही लागला असता. हा बिचारा अनाथ रिमोटच बरा.

रिमोटच्या पुढच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. तो लागतो, पण आपल्याला दिसत नाही, कारण त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा. मोबाइलचा सेल्फीचा कॅमेरा लावा, त्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मी सासूबाईंना दाखवला. त्या कितीतरी वेळ बटण दाबून बघत बसल्या.

पण नुसता प्रकाश ओळखून भागत नाही. अवरक्त प्रकाश सूर्यातून येतो, बल्बमधून येतो, गॅसच्या ज्योतीतूनही येतो. मग हा रिमोटचा, हे कसं कळणार? म्हणून रिमोटचा दिवा एका सेकंदात सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. आणि तो बघणारा जो डोळा असतो, तीन पायांचा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा काळा तुकडा, तो फक्त तेवढ्याच वेगानं लुकलुकणाऱ्या प्रकाशाकडं लक्ष देतो. गल्लीत कितीही गोंगाट असला तरी आपल्या दूधवाल्याची घंटा आपल्याला बरोबर ऐकू येते ना, तसंच.

आता बटण कुठलं, ते कसं कळतं? हे मला फार आवडलं, कारण हे अगदी लोकरीच्या विणकामासारखं आहे. सुलट टाका, उलट टाका. रिमोट आधी ९ मिलिसेकंद लांब चमकतो, म्हणजे "लक्ष द्या, मी बोलतोय." मग साडेचार मिलिसेकंद गप्प. आणि मग बत्तीस टाके. प्रत्येक टाक्यात एक छोटीशी चमक, अर्ध्या मिलिसेकंदाहून जरा मोठी, आणि नंतर अंतर. अंतर तेवढंच छोटं असलं तर तो शून्य, तिप्पट असलं तर एक. पहिले आठ टाके सांगतात मी कुठल्या यंत्राचा रिमोट, पुढचे आठ तेच, पण उलट करून, सुलटच्या जागी उलट. मग आठ टाके बटणाचा नंबर, आणि शेवटचे आठ पुन्हा त्याचे उलटे. दोन्ही जुळले तरच खरं. जमाखर्चाची बेरीज दोन्हीकडून करून बघतो तसं. आणि हे सगळं एका सेकंदाच्या पंधराव्या भागात आटोपतं! सगळ्या कंपन्यांची वीण एकच नसते बरं का. ही पद्धत एनईसी नावाच्या जपानी कंपनीची, बऱ्याच रिमोटमध्ये सापडते. आमच्याही रिमोटमध्ये तीच निघाली.

हे टाके मोजायचं काम मला करावं लागलं नाही. केन शिरिफ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २००९ साली त्यासाठी तयार प्रोग्राम लिहून फुकट देऊन टाकला, आणि पुढं इतरांनी तो वाढवला. आपण फक्त तो जोडून घ्यायचा. फक्त! मला त्याला चार दिवस लागले. लेकीच्या जुन्या वहीतला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालेना. पडद्यावर लाल अक्षरांत चुकांची यादी. रोज रात्री भांडी आवरून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि फोनवर लेकीच्या शिव्या खायच्या. "आई, अर्धविराम विसरलीस!" लहानपणी शुद्धलेखनात तिला मी जशी रागवायचे, अगदी तशीच ती मला रागवत होती. शेवटी नव्या आवृत्तीबरोबर मिळणारा नमुन्याचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलला, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली.

त्याआधी एक डोळा जळाला तो वेगळाच. लेकीनं पाठवलेली आकृती टीएसओपी १७३८ ह्या डोळ्याची होती, आणि गावातल्या दुकानदारानं दिला १८३८. "एकच आहे वहिनी," म्हणाला. दिसायला सख्खे भाऊ, पण पायांचा क्रम वेगळा! एकाचा पहिला पाय जमिनीचा, म्हणजे ग्राउंडचा, तर दुसऱ्याचा पहिला पाय निरोपाचा. मी आकृतीप्रमाणं जोडला, हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. तेव्हा तुम्ही कधी करायला घेतलंत तर तुकड्यावरचा नंबर भिंगातून वाचा आणि त्याच नंबरची आकृती शोधा. दुसरा डोळा लेकीनं पुण्याच्या बुधवार पेठेतून घेऊन एसटीनं येणाऱ्या मावशींबरोबर पाठवला.

मग एका रात्री अकरा वाजता मी रिमोट त्या डोळ्यासमोर धरून बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा उमटला. दुसरं दाबलं, दुसरा आकडा. पुन्हा पहिलं दाबलं, पहिलाच आकडा! मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर एकेक लिहून काढले. ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, "बरं," आणि कूस बदलली.

पुढचं काम रिलेचं. रिले म्हणजे विजेनं दाबलं जाणारं बटण. चिपच्या पाच व्होल्टनं आतलं लोहचुंबक ओढलं जातं, आणि टक् आवाज करून पलीकडची २३० व्होल्टची वाट उघडते किंवा बंद होते. दोन्ही विजा एकमेकींना शिवत नाहीत. तरीही इथं मी हात टेकले आणि वायरमनकाकांना बोलावलं. रिलेच्या पाटीवर विजेचे स्क्रू उघडे असतात. तिथं आपली हुशारी चालवायची नाही. काकांनी मेन स्विच बंद करून, प्लास्टिकच्या बंद डब्यात सगळं बसवून दिलं. आणि एक शहाणपणाची गोष्ट त्यांनीच सुचवली. जुनं बटण काढलं नाही, रिले त्याला समांतर जोडला. "वहिनी, तुमचं हे यंत्र बसलं, तर भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावता आला पाहिजे." मला जरा रागच आला होता, पण नंतर दोनदा ते बटण कामाला आलं.

ट्यूब आणि पंखा, दोन रिले. पाटीला वीज द्यायला मोबाइलचा जुना चार्जर. निळी पाटी घरातलीच, तिचे पैसे धरले नाहीत. बाकी डोळे, रिले, डबा, वायर आणि काकांची मजुरी मिळून हजाराच्या आतबाहेर खर्च आला. तुमच्या गावात कमीजास्त होईल.

रिमोट सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. ट्यूब लागली. विझली. लागली. विझली. लागली! देवीच्या यात्रेतली रोषणाई जणू. सासूबाई घाबरून रिमोट टाकून मोकळ्या.

झालं होतं असं. मी एकाच बटणावर दोन्ही कामं ठेवली होती. एकदा दाबलं की लागणार, पुन्हा दाबलं की विझणार. पण झटक्यापासून त्यांचं बोट बटणावरून पटकन उठत नाही. आणि बटण दाबून धरलं की रिमोट गप्प बसत नाही. सेकंदाला साधारण नऊ वेळा तो एक छोटी खूण पाठवत राहतो, "अजून दाबलेलंच आहे, अजून दाबलेलंच आहे." टीव्हीचा आवाज वाढवताना आपण बोट दाबून धरतो ते ह्याच खुणेवर चालतं. माझ्या चिपला ती प्रत्येक खूण नवा हुकूम वाटत होती. पडद्यावर बघितलं तर आकड्यापुढं 'रिपीट' असं लिहूनही येत होतं. मीच ते वाचलं नव्हतं.

मी प्रोग्रामात लिहिलं, रिपीट आलं तर दुर्लक्ष कर. तरी मधूनच गडबड व्हायचीच, कारण बोट थरथरतं, बटण सुटतं आणि पुन्हा दाबलं जातं. ते रिपीट नसतं, नवाच हुकूम असतो. मी म्हटलं, दोन सेकंदांचा उशीर घालू, तीन घालू... माझं असं चाललेलं बघून सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "दोन... बटणं... कर."

"म्हणजे?"

"लावायचं... येगळं. इझवायचं... येगळं."

मी कपाळावर हात मारला. लावायचं बटण वेगळं असलं तर ते एकदा दाबा नाहीतर दहादा, दिवा लागलेलाच राहणार. थरथर, रिपीट, सगळ्याचा प्रश्नच मिटला. बी.एस्सी. मी आहे, सासूबाई चौथी पास.

रिमोटच्या मधोमध चार बाणांची चार बटणं असतात ती घेतली. वरच्या बाणानं ट्यूब लागते, खालच्यानं विझते. उजव्यानं पंखा, डाव्यानं बंद. बाकीच्या सगळ्या बटणांवर रेक्झिनचा तुकडा चिकटवून टाकला. वरखालच्या बाणांवर ओळखायला आधी साबुदाण्याचे दाणे चिकटवले, ते चौथ्या दिवशी झडले. मग ब्लाउजवर लावायचे अर्धे मोती फेविक्विकनं लावले. अंधारात नुसत्या अंगठ्यानं सापडतात.

तरी तक्रार आली. "पंखा लागत नाय." बघितलं तर त्या रिमोट पंख्याकडं धरत होत्या! डोळा दाराजवळच्या डब्यावर, आणि त्या छताकडं नेम धरून. मी म्हटलं, "आई, इकडं धरायचा." तर म्हणाल्या, "पंखा... तिकडं हाय की." बरोबरच आहे त्यांचं. त्यात दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट डोळ्यावर यायचं आणि त्याला काही सुचायचंच नाही. उन्हाचा आणि रिमोटचा हा झगडा जुना आहे म्हणे. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली ह्यांनी टीव्हीचा पहिला बिनवायरचा रिमोट केला. बॅटरीसारखा झोत टीव्हीच्या कोपऱ्यावर पाडायचा. तर ऊन पडलं की टीव्ही आपोआप चालूबंद व्हायचा! पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर ह्यांनी प्रकाशाचा नाद सोडून आवाजावर चालणारा रिमोट काढला. ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्यांवर हातोडी पडायची, आवाज माणसाला ऐकू न येणारा. त्याला सेलही लागत नसत.

आम्ही एवढं काही केलं नाही. डोळ्याची वायर लांबवून तो छताला पंख्याच्या कडेला लावला, खिडकीकडं पाठ करून. आता त्या पंख्याकडं रिमोट धरतात आणि पंखा लागतो. हा प्रकाश पांढऱ्या भिंतींवरून परततो, त्यामुळं नेम चुकला तरी बहुतेक वेळा चालतं. रिमोट शालीखाली असला तर मात्र नाही.

मे महिन्यात एक प्रसंग घडला तो लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. रात्री बाराला लाइट गेली, तासाभरानं आली. आमच्या खोलीतला पंखा फिरू लागला, आम्ही झोपलो. सकाळी सासूबाईंच्या खोलीत गेले तर त्या घामानं चिंब, उशी भिजलेली. "आई, पंखा का नाही लावला?" तर म्हणाल्या, "लाइट... आलीच नाय ना." लाइट आली की पंखा आपोआप फिरतो, हे इतक्या वर्षांचं गणित. पण आमची चिप वीज गेली की सगळं विसरते, आणि परत आली की दोन्ही रिले बंद ठेवून बसते. पंखा फिरला नाही म्हणजे लाइट आली नाही, असं समजून त्या सकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या होत्या.

चिपमध्ये एक छोटी जागा असते, वीज गेली तरी तिथं लिहिलेलं पुसलं जात नाही. तिथं शेवटची स्थिती लिहून ठेवायची आणि उठल्याबरोबर आधी ते वाचायचं, एवढाच बदल. लेक म्हणाली, "त्या जागेवर लाखभर वेळाच लिहिता येतं हं, मग ती झिजते." मी हिशेब केला, दिवसातून वीस वेळा पंखा लावला-विझवला तरी तेरा वर्षं. म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा.

पण त्या सकाळी मला खरी बोच लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. कारण रिमोटवर पाचवं बटणही होतं. वरच्या कोपऱ्यातलं लाल, त्यावर सगळ्यात मोठा मणी. ते दाबलं की आमच्या खोलीत बझर वाजतो, आणि दाबून धरलं तर वाजतच राहतो. रिपीटची ती नको असलेली खूण इथं मुद्दाम वापरली होती. लावल्यापासून अडीच महिन्यांत ते बटण सासूबाईंनी एकदाही दाबलं नव्हतं. उकडून जीव जायची वेळ आली तरी दाबलं नाही.

मी त्यांच्या कॉटवर बसले. काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, "आई, त्या रात्री मी तसं बोलले..."

त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरून हलवला आणि म्हणाल्या, "पानी... भरलं का?"

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. मी उठले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पहाटे साडेतीनला बझर वाजला. वाजतच राहिला. हे आणि मी, दोघंही अंथरुणातून उडालो. मी आधी पोचले. सासूबाई ट्यूब लावून, उशीला टेकून शांत बसलेल्या.

"काय झालं आई? छातीत दुखतंय? बाथरूमला जायचंय?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. "वाजतंय का... बघितलं."

हे जांभई देत परत गेले. मी तिथंच बसले. मग झोप उडालीच होती म्हणून दोघींसाठी चहा टाकला.

आता शेजारच्या दोघीतिघींनी मागणी केली आहे. एकीला नळाला लावलेली मोटर रिमोटवर हवी आहे. वायरमनकाकांनी साफ नकार दिला. मोटर सुरू होताना जो विजेचा झटका घेते तो ह्या छोट्या रिलेला सोसत नाही, चिकटून बसतो. त्याला मोठा कॉन्टॅक्टर लागतो, ते काम वेगळं. दुसरीच्या सासऱ्यांना फक्त बेल हवी आहे, ती मी येत्या आठवड्यात करून देणार आहे. त्यांचा रिमोट कुठल्या विणीचा आहे ते आधी बघायला हवं.

बाकी आमच्याकडं सगळं ठीक. सेल संपत आले की रिमोट आधी लांबून चालेनासा होतो, म्हणून दर चार महिन्यांनी बदलते. त्याची तारीख कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहिलेली असते. मी विसरले तरी सासूबाई विसरत नाहीत.